हाकेला धावून जाणारे जहाज : ‘समुद्र प्रताप’

पुण्याला समुद्र नाही. पण आमच्या वर्गात तो अधूनमधून येतोच. कोंढव्यात आणि कॅम्पात राहणाऱ्या अनेक मुलांचे मूळ गाव रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन किंवा मुरूडकडचे असते. मे महिन्याच्या सुट्टीत ही मुले गावी जातात आणि येताना सोडे, सुके बोंबील आणि बोटींच्या गोष्टी घेऊन येतात. कुणाचे दादा तांडेल असतात, कुणाचे चाचा आखाती देशांकडे जाणाऱ्या जहाजावर खलाशी.

जानेवारी २०२६ मध्ये वर्तमानपत्रात एका पांढऱ्या जहाजाचा फोटो आला. ५ जानेवारीला गोव्यात वास्को येथे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते ‘समुद्र प्रताप’ हे जहाज भारतीय तटरक्षक दलात दाखल झाले, अशी ती बातमी होती. मी फोटो कापून सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी लावला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून जवळ आला, निरखून पाहिले आणि म्हणाला, “टीचर, जहाज एवढं मोठं आणि तोफ एवढीशीच? मग हे लढणार कसं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. तास संपेपर्यंत जमेल तेवढे उत्तर मी दिले. जे राहून गेले ते इथे लिहिते आहे, कारण ते फक्त मुलांनी नव्हे, घरातल्या सगळ्यांनीच समजून घेण्यासारखे आहे.

मामूंची रात्र

आधी घरातली एक गोष्ट सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वीची. माझ्या मामूंची मासेमारीची लाँच होती. पावसाळी बंदी उठून हंगाम नुकताच सुरू झाला होता. किनाऱ्यापासून बरेच आत गेल्यावर इंजिन बंद पडले. काही केल्या सुरू होईना. वारा वाढला. मामू धरून सात माणसे बोटीवर होती आणि लाट नेईल तिकडे बोट चालली होती. वायरलेसवर दुसऱ्या एका बोटीला त्यांचा आवाज लागला, तिने निरोप पुढे दिला. इकडे घरी फोन आला आणि नानी जी जानमाजवर बसली ती फज्रपर्यंत उठली नाही.

सकाळी पांढरे जहाज दिसले, असे मामू सांगतात. पांढऱ्या अंगावर तिरपा केशरी पट्टा. जहाजावरून छोटी बोट खाली सोडली गेली, दोर फेकला गेला. एका खलाशाचा हात दोरात चेमटला होता, त्याला पट्टी बांधली. सगळ्यांना गरम चहा मिळाला. मग लाँच दोराला बांधून बंदराच्या तोंडापर्यंत ओढत आणली. मामू आता समुद्रावर जात नाहीत. पण तो चहा ते अजून विसरलेले नाहीत.

त्या वेळी मला प्रश्न पडला होता : हे जहाज नसते तर? याचे उत्तर आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासात आहे.

कोणी आले नाही तो दिवस

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. आषाढी अमावस्या होती आणि तीन दिवसांवर रमजान आला होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास रेवसकडे निघाली. घरी जाणाऱ्या माणसांनी ती भरून गेली होती. वाटेत वादळी पाऊस आला, मोठी लाट आली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

त्यात सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, हे घडले ते मुंबईपासून फार दूर नव्हे. पण बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. दुपार उलटली तरी मुंबईला पत्ता नव्हता. संध्याकाळच्या सुमारास काही जण पोहत किनाऱ्याला लागले, त्यात एक कोवळा मुलगाही होता, तेव्हा कुठे शहराला कळले. त्याआधी जी माणसे वाचली त्यांतली बरीचशी रेवसकडच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून वाचवली. सरकारी म्हणावे असे धावून जाणारे कोणी नव्हतेच, कारण त्या कामासाठी कोणी नेमलेलेच नव्हते.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे हीच स्थिती होती. नौदल होते, पण त्याचे काम युद्धाचे. साठ-सत्तरच्या दशकांत सोने, घड्याळे, ट्रान्झिस्टर यांची चोरटी आयात पश्चिम किनाऱ्यावर फार वाढली. जकात खात्याच्या छोट्या बोटींना ते आवरेना. तेव्हा १९७४ मध्ये सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते खुस्रो फरामर्झ रुस्तमजी. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले हे पारशी पोलीस अधिकारी. सीमा सुरक्षा दलही त्यांनीच उभे केले होते. समुद्रासाठी एक वेगळे दल हवे, असे या समितीने सांगितले. १ फेब्रुवारी १९७७ रोजी सात जहाजांनिशी तटरक्षक दलाचे काम सुरू झाले. ऑगस्ट १९७८ मध्ये संसदेने कायदा करून त्याला कायमचे रूप दिले. ‘वयं रक्षामः’, म्हणजे ‘आम्ही रक्षण करतो’, हे त्याचे ब्रीद.

म्हणजे या दलाची जहाजे लढाईसाठी जन्मलेलीच नाहीत. चोरट्यांना अडवणे, बुडणाऱ्याला वाचवणे, आग विझवणे आणि समुद्र स्वच्छ ठेवणे ही त्यांची कामे. आता आपण ‘समुद्र प्रताप’कडे वळू. त्याच्या बांधणीतला एकेक भाग पाहिला की तोफ लहान का, याचे उत्तर आपोआप मिळते.

जहाज बांधतात कसे?

‘समुद्र प्रताप’ बांधले गोवा शिपयार्डने. वास्कोला झुआरी नदीच्या काठी असलेली ही गोदी १९५७ मध्ये पोर्तुगीज काळात सुरू झाली. आज ती केंद्र सरकारच्या संरक्षण खात्याची कंपनी आहे. तटरक्षक दलाने जून २०२१ मध्ये दोन प्रदूषण नियंत्रण जहाजांचा करार तिच्याशी केला. किंमत सुमारे ५८३ कोटी रुपये. त्यातले हे पहिले. दुसरे ‘समुद्र प्रचेत’ जुलै २०२५ मध्ये पाण्यात उतरले.

पूर्वी जहाज तळापासून वरपर्यंत एकाच जागी, फळीवर फळी चढवावी तसे बांधत. आता पद्धत बदलली आहे. आधी संगणकावर पूर्ण आराखडा तयार होतो. त्यानुसार पोलादाचे पत्रे यंत्राने कापले जातात. ते जोडून मोठमोठे ठोकळे करतात, प्रत्येक ठोकळा म्हणजे जहाजाचा एक तुकडा. पाइप आणि तारांच्या वाटा बऱ्याच अंशी ठोकळ्यातच बसवतात. मग क्रेनने उचलून एकाला एक जोडतात. घरात मुले प्लास्टिकच्या विटा जोडून इमारत करतात, तसेच काहीसे. फरक एवढाच की इथे प्रत्येक जोड वेल्डिंगचा असतो आणि तो तपासला जातो. हाताचे हाड मोडले की आपण एक्स-रे काढतो ना? तसा वेल्डिंगच्या जोडाचाही एक्स-रे काढतात. आत बारीक पोकळी दिसली तर तो भाग खरवडून पुन्हा जोडतात.

जहाजाच्या तळाचा पहिला भाग बसवण्याच्या प्रसंगाला ‘कील’ ठेवणे म्हणतात. घराचा पाया घालण्यासारखा तो दिवस असतो. ‘समुद्र प्रताप’ची कील नोव्हेंबर २०२२ मध्ये ठेवली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ते पाण्यात उतरले. पाण्यात उतरले म्हणजे जहाज झाले, असा आपला समज असतो. खरे तर तेव्हा निम्मे काम बाकी असते. इंजिनांची जुळणी, रडार, स्वयंपाकघर, खाटा, दवाखाना, प्रयोगशाळा हे सगळे त्यानंतर पुरे होते. मग समुद्रावर चाचण्या. ठरलेला वेग मिळतो का, नांगर नीट पडतो आणि उचलतो का, पूर्ण वेगात असताना किती अंतरात थांबते, तोफ व पंप चालतात का, हे सारे पाहिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये जहाज दलाच्या ताब्यात गेले. पाया ते ताबा, तीन वर्षांहून थोडा जास्त काळ.

या जहाजात साठ टक्क्यांहून अधिक सामान देशात बनलेले आहे. प्रदूषण नियंत्रणाचे जहाज भारतातच आराखडा करून भारतातच बांधण्याची ही पहिली वेळ.

आकडे समजून घेऊ

लांबी ११४.५ मीटर, रुंदी १६.५ मीटर, वजन ४,१७० टन. फुटबॉलचे मोठे मैदान साधारण १०५ मीटर लांब असते. म्हणजे जहाज मैदानाच्याही बाहेर जाईल.

आत दोन डिझेल इंजिने आहेत, प्रत्येकी ७,५०० किलोवॉटची. आपल्याकडच्या साध्या मोटारीचे इंजिन साठ किलोवॉटच्या आसपास असते. तेव्हा दोन्ही मिळून अडीचशे मोटारींची ताकद झाली. एवढे असूनही वेग २२ नॉटच्या थोडा वर, म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटर. मुले हसली. “टीचर, यापेक्षा अब्बांची स्कूटर जोरात जाते!” मग मी त्यांना बादलीत हात घालून जोराने फिरवायला सांगितले. पाणी किती अडवते ते हाताला कळले की चार हजार टनांचे जहाज ढकलायला काय लागत असेल, ते डोक्यात शिरते.

एकदा तेल भरले की हे जहाज ६,००० सागरी मैल जाऊ शकते. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हे झाले अकरा हजार किलोमीटरहून जास्त. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना मुंबई-जेद्दा हा समुद्रमार्ग ठाऊक आहे. १९९५ मध्ये बंद होईपर्यंत हजची जहाजे त्याच मार्गाने जात. ‘समुद्र प्रताप’ मुंबईहून जेद्दाला जाऊन, वाटेत तेल न घेता परत येऊ शकेल. मदतीच्या जहाजाला एवढा पल्ला का लागतो? कारण हाक कुठून येईल ते ठरलेले नसते. भारताच्या हक्काचे सागरी क्षेत्रच सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर आहे. शोध आणि सुटकेची जी जबाबदारी आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारताकडे आहे, ते क्षेत्र तर त्याच्या दुपटीहून मोठे आहे.

पोलादी पोटाची रचनाही पाहण्यासारखी असते. जहाजाचे पोट एकसंध पोकळ नसते. भिंती घालून त्याची वेगवेगळी कप्पे केलेली असतात आणि त्यांचे दरवाजे पाणी आत येऊ न देणारे असतात. एका कप्प्याला भोक पडले तर तेवढाच भरतो, बाकीचे जहाज तरंगत राहते. दुसऱ्याला वाचवायला जाणाऱ्याने आधी स्वतः बुडता कामा नये.

एका जागी उभे राहण्याची कला

समुद्रात धावण्यापेक्षा एका जागी उभे राहणे अवघड. पेटलेल्या जहाजाजवळ नांगर टाकता येत नाही, पाणी खोल असते. लाटा आणि वारा तर सतत ढकलत असतात. अशा वेळी ‘समुद्र प्रताप’वरचा संगणक उपयोगी पडतो. जहाज नेमके कुठे आहे, वारा कुठून येतो, हे तो सतत मोजतो आणि पंखे तेवढेच फिरवून जहाजाला ठरल्या जागी धरून ठेवतो. या यंत्रणेला डायनॅमिक पोझिशनिंग म्हणतात.

पाण्याखालच्या पंख्यांचीही एक खुबी आहे. आपल्या घरच्या पंख्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. या जहाजाच्या पंख्यांची पाती चालू असतानाच वळवता येतात. कोन बदलला की इंजिन त्याच दिशेने फिरत असूनही जहाज हळू होते, थांबते किंवा मागे जाते. हे पंखे आणि त्यांचे गिअरबॉक्स देशातच तयार झालेले आहेत.

आगीशी लढाई

आता त्या मुलाच्या तोफेकडे येऊ. जहाजावर ३० मिलिमीटरची एक तोफ आहे आणि दुरून चालवता येणाऱ्या १२.७ मिलिमीटरच्या दोन बंदुका आहेत. चोरट्या बोटीला थांबवायला तेवढे पुरे. या जहाजाची खरी ‘तोफ’ पाण्याची आहे. मोठी आग विझवण्याच्या जागतिक निकषांत ते दुसऱ्या श्रेणीत बसते. या श्रेणीच्या जहाजाकडून ताशी सुमारे ७,२०० घनमीटर, म्हणजे ७२ लाख लिटर पाणी फेकण्याची अपेक्षा असते. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे ७२० टँकर एका तासात! शिवाय हे पाणी शंभर मीटरहून दूर फेकायचे असते, कारण पेटलेल्या जहाजाला चिकटून उभे राहता येत नाही.

हे नुसते कागदावरचे बळ नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘न्यू डायमंड’ हे २ लाख ७० हजार टन कच्चे तेल घेऊन पारादीपकडे निघालेले टँकर जहाज श्रीलंकेजवळ पेटले. तटरक्षक दलाच्या जहाजांनी भारतीय आणि श्रीलंकेच्या नौदलाबरोबर दिवसरात्र पाणी आणि फेस मारून आग विझवली. पोटातले कच्चे तेल समुद्रात गेले नाही. गेले असते तर कित्येक किनारे काळे पडले असते. जून २०२५ मध्ये केरळपासून दूर समुद्रात ‘वान हाय ५०३’ हे कंटेनर जहाज पेटले, तेव्हाही या दलाची जहाजे कित्येक दिवस तिथे झुंजत होती. चार खलाशी मात्र सापडले नाहीत. समुद्रावर प्रत्येक हाकेचे उत्तर वेळेत मिळतेच असे नाही, हेही मुलांना सांगायला हवे.

तेलाशी लढाई

‘समुद्र प्रताप’चे मुख्य काम मात्र तेलाचे आहे. ज्यांचे पोट मासळीवर आहे, त्यांना याचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलली. तिच्यातून शेकडो टन तेल समुद्रात गेले आणि बरेच कंटेनर पाण्यात पडले. काहींत कीटकनाशके होती. तटरक्षक दलाने जहाजे आणि हेलिकॉप्टरमधून तेल विरवणारे द्रव्य फवारले. तरी तेल किनाऱ्याला लागले, खारफुटी काळी झाली. रमजान चार-पाच दिवसांवर आला होता. मासे खावेत की नाही, या भीतीने बाजारात गिऱ्हाईक येईना. मासे विकून घर चालवणाऱ्या बायांनी ईदचा खर्च कसा भागवला असेल, ते त्यांनाच ठाऊक. प्रदूषण रोखण्यासाठी खास बांधलेले दलाचे पहिले जहाज ‘समुद्र प्रहरी’ मुंबईत दाखल झाले ते त्यानंतर, ऑक्टोबर २०१० मध्ये.

तेल सांडले की करतात काय? पहिले काम, ते पसरू न देणे. तेल पाण्यापेक्षा हलके, वर तरंगते. त्याभोवती तरंगते कुंपण घालतात, त्याला ‘बूम’ म्हणतात. दुसरे काम, गोळा करणे. ‘समुद्र प्रताप’च्या दोन्ही बाजूंना पसरता येणारे लांब हात आहेत. जहाज पुढे जात असताना हे हात तेलाचा तवंग आत लोटत आणतात आणि यंत्र तो पाण्यावरून ओढून टाकीत घेते. डाळीवरचा फेस डावाने काढतो, तसेच. तेल पातळ असो की डांबरासारखे घट्ट, ते उचलता येईल अशी सोय आहे. मग पाणी आणि तेल वेगळे करायचे. अंधारात तवंग दिसावा म्हणून खास रडार आहे. हवेत विषारी रसायन आहे का, ते दुरूनच ओळखणारे यंत्रही आहे. वरून नजर ठेवण्यासाठी हेलिकॉप्टर उतरायची जागा आणि त्याचे घर जहाजावरच आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे जहाजावरची छोटी प्रयोगशाळा. रात्री गुपचूप घाण तेल समुद्रात सोडून पळणारी जहाजे कमी नाहीत. सकाळी किनाऱ्याला डांबराच्या गोळ्या लागतात आणि कोणाचे तेल ते कळत नाही. पण प्रत्येक तेलाची घडण वेगळी असते, माणसाच्या बोटाच्या ठशासारखी. सांडलेल्या तेलाचा ठसा आणि संशयित जहाजाच्या टाकीतल्या तेलाचा ठसा जुळला, की चोर पकडला गेला. नुकसान करणाऱ्याकडून भरपाई मागायची तर असा पुरावा लागतो. गरीब मच्छीमाराच्या बाजूने एवढा पक्का साक्षीदार पूर्वी नव्हता.

आपले काम

जहाज कितीही चांगले असो, हाक पोहोचली तरच ते येणार. ‘रामदास’ला हाकच मारता आली नव्हती. आज ती सोय आहे, पण ती वापरायची जबाबदारी आपली. गावी ज्यांच्या घरात बोट आहे त्यांच्याशी बोलताना या गोष्टी जरूर विचारा.

समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा टोल फ्री क्रमांक १५५४ आहे. तो बोटीवरच्या प्रत्येकाला पाठ हवा. मोबाइलची रेंज संपते तिथे व्हीएचएफ वायरलेस लागतो, त्याचे १६ नंबरचे चॅनेल संकटाच्या हाकेसाठी असते. इस्रोने मच्छीमारांसाठी तयार केलेले डीएटी नावाचे छोटे यंत्रही आहे. त्याचे बटण दाबले की उपग्रहामार्गे बोटीची जागा दलाच्या केंद्राला कळते. लाइफ जॅकेट माणशी एक हवे आणि ते अंगावर हवे, खाली फळीत कोंबलेले नको. मामूंच्या बोटीवर सात माणसांत तीन जॅकेट होती. त्या रात्री ती कोणी घालायची यावरून वाद झाला नाही, कारण मामूंनी ती वयाने लहान असलेल्या तिघांना घातली. पण अशी निवड करायची वेळ कोणावरही येऊ नये.

कागदपत्रांचेही तसेच. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी एक मच्छीमार बोट पळवून तिच्यातून आले आणि त्यांनी बोटीवरच्या माणसांना ठार केले. तेव्हापासून समुद्रात तपासणी वाढली. तपासणी कोणालाच आवडत नाही, वेळ जातो. पण बोटीची नोंदणी, परवाना आणि प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र जवळ असेल तर काम लवकर उरकते आणि उगाच शंकेला जागा राहत नाही. अनोळखी बोट दिसली तर कळवणारा मच्छीमार हा या दलाचा डोळाच असतो.

आणि आपली मुले

आता माझ्या रोजच्या कामाची गोष्ट. आपल्या मुलांना समुद्र परका नाही. आपल्या बोलीत तो भरलेला आहे. दर्या, बंदर, लंगर हे शब्द फारसीतून आले. ‘नाखवा’ हा ‘नाखुदा’वरून आला, असे जाणकार सांगतात. अरबी समुद्रातले जुने खलाशी वाट दाखवणाऱ्या जाणत्याला ‘मालिम’ म्हणत, तो शब्द ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक. उर्दूच्या तासाला हे सांगितले की मुले माझ्याकडे जरा वेगळ्याच आदराने पाहतात! शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हे नामवंत सरदार होते.

तरीही दहावी-बारावीनंतर काय, असे विचारले की आपल्या घरांत दोन-तीनच उत्तरे असतात. तटरक्षक दलाचे नाव त्यांत ऐकू येत नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलाला नाविक म्हणून अर्ज करता येतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्याला यांत्रिक होता येते. पदवीधरांना असिस्टंट कमांडंट या अधिकारी पदाची परीक्षा देता येते. वयाची आणि गुणांची अट जाहिरातीत नीट वाचावी, अर्ज दलाच्या संकेतस्थळावरच भरावा आणि भरतीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. तयारी आठवी-नववीतच सुरू होते : गणित पक्के, नजर चांगली, रोज धावणे आणि पोहता येणे. पुण्यात तलाव कमी नाहीत, समुद्र नसला म्हणून काय झाले?

मुलींच्या आयांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘समुद्र प्रताप’वर दोन महिला अधिकाऱ्यांची नेमणूक झाली आहे. वर्गात हे सांगितल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “टीचर, त्यांना पोहायला कोणी शिकवलं?” मी म्हटले, कोणीतरी घरातल्याने आधी परवानगी दिली असेल, मग शिकवणारे भेटले. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाली, अम्मीला विचारलंय, अब्बांना विचारायचं बाकी आहे.

तोफेचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने शनिवारी चित्र काढून आणले. जहाज पांढरे, पट्टा केशरी, शेजारी जळणारे दुसरे जहाज आणि त्याच्यावर निळ्या पाण्याची मोठी कमान. तोफ होती, पण अगदी बारीक. खाली कोपऱ्यात एक छोटी लाँच दोराला बांधलेली होती आणि तिच्यात सात माणसे. मी मामूंची गोष्ट वर्गात सांगितली होती, ती त्याच्या लक्षात राहिली. सातही माणसांना त्याने नारिंगी जॅकेट घातली होती.